वादळाच्या उजव्या हाताला

मेहरूणच्या तलावाकाठी वैशाखातील भर दुपारी धुळीचा जो भोवरा उठतो, तो तापलेल्या जमिनीचे अपत्य होय आणि निरभ्र आकाशाखालीच त्याचा संचार चालतो. परंतु वर्तमानपत्रे ज्याला टोर्नेडो म्हणतात तो घूर्णवात मेघातून खाली उतरतो, आणि कित्येकदा त्याचा जन्म समुद्रावरून आलेल्या चक्रीवादळाच्याच उदरात होतो.

चक्रीवादळ किनाऱ्याला लागले की झाडे, घरे, टेकड्या यांच्या घर्षणाने जमिनीलगतचा वारा मंदावतो, वरच्या थरातील मात्र पूर्ववत धावत असतो. समईची वात वळताना स्थिर तळव्यावरून दुसरा तळवा सरकला म्हणजे मधला कापूस गोल फिरतो, तशी या दोन थरांमधील हवा आडवी वेटोळी घेऊ लागते, आणि गडगडाटी मेघांतील ऊर्ध्वगामी प्रवाह ती वेटोळी उचलून उभी करतो. उत्तर गोलार्धात हा उपद्रव वादळाच्या वाटेच्या उजवीकडे, पुढच्या अंगाला, केंद्रापासून पुष्कळ दूरच्या पर्जन्यपट्ट्यांत अधिक. अमेरिकेत २००४ सालच्या ‘आयव्हन’ चक्रीवादळाने असे शंभरावर घूर्णवात प्रसवले. आपल्याकडे ‘यास’ २६ मे २०२१ रोजी ओडिशात बालासोरच्या दक्षिणेस धडकले. पण आदल्याच दिवशी बंगालमध्ये चिनसुरा आणि नदीपलीकडील हालिशहर येथे घूर्णवाताने घरे मोडली होती. नकाशावर पाहावे, ही गावे वादळाच्या उजव्या हातालाच येतात.

३ जून २०२० रोजी श्रीवर्धनजवळ किनारा ओलांडलेले ‘निसर्ग’ ईशान्येकडे सरकत उत्तर महाराष्ट्रात पोहोचेतो क्षीण झाले होते. तथापि वादळ ओसरल्याच्या वार्तेने लगेच निर्धास्त होणे मला शहाणपणाचे वाटत नाही, कारण आतील मुलखात शिरलेल्या दुर्बळ वादळांतूनही घूर्णवात निपजतात.

मात्र प्रत्येक पडझड घूर्णवाताचीच असते असे नव्हे. रावेर-यावलकडे मृगाच्या तोंडावर निसवलेल्या केळीबागा आडव्या होतात, त्या बहुधा वळिवाच्या सरळ झोताने. तेथे सगळी खोडे एकाच दिशेला निजलेली आढळतात. घूर्णवात मात्र अरुंद पट्टा कापीत जातो आणि त्यात खोडे एकमेकांवर तिरपी, उलटसुलट पडतात, शेजारचे वाफे जसेच्या तसे उभे. पंचनाम्याला आलेले तलाठी क्षेत्र आणि नुकसानीचे प्रमाण दफ्तरी दाखल करतात, दिशेची विचारणा क्वचितच होते. आणि शेतकऱ्याला बाग साफ करण्याची घाई असते. तेव्हा खोडे उचलण्यापूर्वी बांधावरून चोहोबाजूंची छायाचित्रे घ्यावीत, आणि शेंडे कोणीकडे होते तेवढे कागदावर टिपून जबाबासोबत द्यावे, म्हणजे तो घूर्णवात होता की सरळ झोत, हे मागाहून ताडता येईल.