पगारालाही देणगी द्या
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



जेवणाआधीची दोनच मिनिटं घेतो.

आपलं सार्वजनिक वाचनालय, आपलं ‘सावाना’, १८४० पासूनचं. दान दिलेल्या पुस्तकावर नाव घालता येतं; विजेच्या बिलावर कोण घालणार? मी एका लहान संस्थेचे हिशेब बघतो. वह्या, ब्लँकेटं, नाव रंगवलेलं कपाट द्यायला माणसं आनंदाने येतात. शिक्षिकेच्या मानधनाचा विषय काढला की, “ते तुमचं तुम्ही बघा!”

पण १९५० च्या विश्वस्त कायद्याप्रमाणे ट्रस्टला दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात. विश्वस्त बदलला तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावं लागतं. ही कामं ब्लँकेटं करत नाहीत. परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा २०२० मध्ये ५० टक्क्यांवरून २० वर आली. सातपूर-अंबडच्या कंपन्यांचा सीएसआर बहुधा प्रकल्पापुरता. मार्चमध्ये प्रकल्प संपला की पगारही.

म्हणून सुचवतो, मेळाव्याची शिल्लक आणखी एका कपाटावर नको. एका संस्थेला तीन वर्षं दरमहा ठरावीक रक्कम देऊ. कशावर खर्चायची ते तिने ठरवावं. वर्गातल्या सीए आणि वकील मंडळींनी महिन्यातला एक रविवार द्यावा. हिशेब जरूर मागा. पायऱ्या लिहिल्याशिवाय आपल्याला तरी गणितात गुण कुठे मिळत होते! फक्त पगाराची ओळ दिसली की कपाळाला आठ्या नकोत.

वही मागच्या टेबलावर ठेवली आहे. नाव, दरमहाचा आकडा आणि फोन, एवढंच लिहा.