मनोविकाराचे औषध आणि शरीराची हालचाल



सुरत शहराच्या दक्षिणेस पांडेसरा ही औद्योगिक वसाहत आहे. कापडाच्या रंगाई-छपाईच्या मिल तेथे रात्रंदिवस चालतात. ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहार या राज्यांतील कामगारांबरोबरच धुळे, नंदुरबार व जळगाव या जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबे पांडेसरा, उधना, लिंबायत या भागांत पोटापाण्यासाठी येऊन राहिली आहेत. उधन्याहून निघालेली गाडी नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करीत जळगावला जाते. त्यामुळे पांडेसऱ्यातील खानदेशी माणसाचे एक घर मिलजवळच्या खोलीत, तर दुसरे गावी असते. आजचा विषय या दोन्ही घरांचा आहे.

अशा एखाद्या खोलीतील पंचविशीचा तरुण डोळ्यांसमोर आणावा. त्याला कानात माणसे बोलल्याचा भास होऊ लागला, झोप उडाली, पाळीतील सोबती आपल्या जेवणात काही मिसळतात असा संशय बळावला. थोरल्या भावाने त्याला शासकीय रुग्णालयात नेले. छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया, असे निदान होऊन हॅलोपेरिडॉलच्या गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याची मान एका बाजूस वळली ती वळलीच. डोळे वर चढले, जीभ बाहेर येऊ लागली, जबडा आवळला. कोणी फेफरे म्हटले, कोणी धनुर्वात म्हटले, आणि शेजारची म्हातारी म्हणाली की हे बाहेरचेच आहे. रात्रीच्या गाडीने त्याला गावी भगताकडे नेण्यात आले. गोळ्या खोलीतच राहिल्या. चार दिवसांत मान सरळ झाली आणि भगताचे नाव झाले. दोन महिन्यांनी कानातील आवाज मात्र पूर्वीपेक्षा मोठे होऊन परतले.

हा तरुण कल्पित असला, तरी असे प्रसंग घडत असतात. त्याची मान वळली ती औषधामुळे, आणि ती सरळ झाली ती औषधाचा अंश शरीरातून उतरल्यामुळे. रुग्णालयात तेव्हाच नेले असते तर प्रोमेथाझिनसारख्या इंजेक्शनाने ती बहुधा तासाभराच्या आत सरळ झाली असती आणि मूळ उपचारही तुटला नसता. उलटी थांबविण्यासाठी देण्यात येणाऱ्या मेटोक्लोप्रमाइड या औषधानेही कधी कधी, विशेषतः लहान मुलांत व तरुणांत, अगदी अशीच मान वळते. त्या मुलाला मनोविकार नसतो आणि बाहेरचेही काही नसते. ही एक गोष्ट गावात नीट समजली, तरी अर्धे काम होईल.

असे का होते, ते खानदेशातील शेतकऱ्यास सांगणे अवघड नाही. पांझरेच्या काठी फडबागायतीचे पाट पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. एका शेतात पाणी फार झाले म्हणून पाटाचे वरचे दार बंद केले, तर खालच्या दुसऱ्या शेतालाही पाणी मिळत नाही. मेंदूमध्ये डोपामीन नावाचे द्रव्य असते. त्याचे कार्य एका भागात अतिरेकी झाले की भास व भ्रम उत्पन्न होतात असे मानले जाते. दुसऱ्या भागात तेच द्रव्य हातापायांच्या हालचालींना वळण लावते. औषध पहिल्यासाठी दार लावते, आणि दुसरे शेत कोरडे पडते. १९५२ मध्ये पॅरिस येथे क्लोरप्रोमाझिन या औषधाचा मनोरुग्णांवर उपयोग सुरू झाला व वर्षानुवर्षे कोंडून ठेवलेली माणसे घरी जाऊ लागली. परंतु त्याच दशकात त्या माणसांचे हात थरथरत असल्याचेही डॉक्टरांना दिसून आले. आपल्याकडील सर्पगंधेपासून काढलेल्या रेसर्पिन या औषधानेही शरीर असेच ताठरत असे.

मान वळणे भयंकर दिसते, म्हणून निदान धावपळ तरी होते. त्याहून फसवा प्रकार म्हणजे अस्वस्थपणा. औषध सुरू झाल्यावर किंवा वाढविल्यावर काही दिवसांत रुग्णास एका जागी बसवेनासे होते. तो उभा राहतो, पुन्हा बसतो, उभ्या उभ्या पाय आलटून पालटून उचलतो, रात्री खोलीत येरझारा घालतो. आत काहीतरी कुरतडत असल्यासारखे त्याला वाटते, पण ते शब्दांत सांगता येत नाही. घरचे म्हणतात, वेड वाढले. डॉक्टरांपुढेही तेवढेच सांगितले जाते, आणि वेड वाढले असे समजून मात्रा वाढविली गेली तर हाल दुप्पट होतात. हा त्रास असह्य होऊन जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार मनात आल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्राने नोंदविली आहेत. म्हणून "वेड वाढले" असे मोघम सांगू नये. गोळी कोणत्या तारखेस सुरू झाली किंवा वाढली, आणि येरझारा कोणत्या तारखेपासून, हे सांगावे. या दोन तारखांवरून डॉक्टरांना पुष्कळ उलगडा होतो. मग ते मात्रा उतरवितात, औषध बदलतात किंवा प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी जोडतात. रुग्णास दमा असल्यास ते आधी सांगणे आवश्यक आहे, कारण दमेकऱ्यास ही गोळी घातक ठरू शकते.

काही आठवड्यांनी येणारा तिसरा प्रकार कंपवातासारखा असतो. चेहरा निर्विकार होतो, चालताना हात हलत नाहीत, पावले आखूड पडतात, अक्षर बारीक होते, तोंडातून लाळ गळते. शाळेत अशा विद्यार्थ्याचे अक्षर बिघडलेले दिसले, तर तो निष्काळजीपणा नव्हे, हे शिक्षकांनी ध्यानी घ्यावे. घरी त्याला ताठ बसवून, लहान घासांनी, घाई न करता जेवू घालावे. स्नान स्टुलावर बसून करू द्यावे. रोज थोडे चालवावे. मिलमध्ये फिरत्या यंत्रापाशी किंवा उंचावर काम देणे मात्र धोक्याचे आहे. मुकादमाने त्याला काढून टाकण्यापेक्षा काही काळ घडी घालण्याच्या वा मोजणीच्या कामावर ठेवल्यास एक घर उघडे पडत नाही.

या ताठरपणावर ट्रायहेक्झिफेनिडिल ही गोळी देतात. ती उपयुक्त आहे, पण तिने तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते, वृद्धांना लघवी अडते, आणि घाम कमी येतो. घामाची ही गोष्ट पांडेसऱ्यात विशेष महत्त्वाची होय. रंगाई खात्यातील वाफ, कापड सुकविणाऱ्या स्टेंटर यंत्राची धग आणि वैशाखाचे ऊन यांत ज्याला घाम येत नाही, त्याला उष्माघात होण्यास वेळ लागत नाही. अशा कामगारास वारंवार पाणी व गारव्यात विश्रांती मिळाली पाहिजे. ही गोळी स्वतःच्या मनाने वाढवू नये. तिची नशा करणारेही आढळतात, म्हणून ती घरातील जबाबदार माणसाच्या हाती असावी.

चौथा प्रकार उशिरा, काही महिन्यांनी वा वर्षांनी येतो. ओठ, जीभ व जबडा आपोआप हलू लागतात. माणूस तंबाखू चघळतो आहे असे पाहणाऱ्यास वाटते आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ताही नसतो. जुन्या पद्धतीची औषधे घेणाऱ्या प्रौढांपैकी दरवर्षी शंभरांत सुमारे पाचांना हा त्रास नव्याने होतो. वृद्धांना, विशेषतः वृद्ध स्त्रियांना, अधिक. नव्या औषधांत तो कमी असला तरी नाहीच असे नाही. ट्रायहेक्झिफेनिडिल येथे उपयोगी पडत नाही, उलट त्रास वाढवू शकते. औषध एकदम बंद केले तर हालचाली अधिक उघड्या पडतात आणि मूळ आजारही उसळतो. एकदा जडलेला हा त्रास पूर्णपणे जाईलच असे आश्वासन कोणी देऊ नये. लवकर ध्यानात आल्यास औषध बदलता येते, टेट्राबेनाझिनसारखे उपायही आहेत. म्हणून दर भेटीस रुग्णाची जीभ, ओठ, बोटे तपासून घ्यावीत. त्यास दहा मिनिटे पुरतात.

या सर्वांहून वेगळी, विरळ परंतु प्राणघातक अशी एक अवस्था आहे. तीव्र ताप, शरीर लाकडासारखे ताठ, घामाच्या धारा आणि शुद्ध हरपत जाणे ही एकत्र दिसली, तर पुढची गोळी न देता त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात न्यावे. येथे सकाळची वाट पाहू नये.

"औषध नियमित घ्या" एवढेच सांगणारी भित्तिपत्रके पुष्कळ निघाली. औषधाने मान वळू शकते हे मात्र त्यांवर क्वचितच लिहिलेले असते; रुग्ण घाबरेल ही त्यामागील भीती. प्रत्यक्षात आगाऊ सांगितलेला रुग्ण कमी घाबरतो, आणि न सांगितलेला पळून जातो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २२ नुसार उपचाराचे ज्ञात दुष्परिणाम जाणून घेणे हा रुग्णाचा हक्क आहे. तेव्हा ते विचारताना संकोच वाटण्याचे कारण नाही, आणि अधिकाऱ्यांनीही विचारणाऱ्यास उद्धट समजू नये.

विचारायला जाताना एक शंभर पानी वही न्यावी. गोळीचे नाव, मात्रा, तारीख, त्रास. घरात लिहिता येणारे कोणी नसेल तर शाळेत जाणारे पोर हे लिहू शकते. मान वळलेली असताना किंवा पाय चाळवत असताना मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचे चित्रण करून ठेवावे, कारण रुग्णालयाच्या रांगेत नंबर लागेपर्यंत पुष्कळदा मान सरळ झालेली असते. तातडीने सल्ला हवा असल्यास १४४१६ हा टेलि-मानस सेवेचा निःशुल्क क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून देशभर उपलब्ध आहे. तेथे मराठीतही बोलता येते.

आणि आखाजी. खानदेशी माणूस आखाजीला गावी जातो, ऐन उन्हाळ्यात, आणि ठरल्यापेक्षा जास्त दिवस राहतो. पंधरा दिवसांच्या गोळ्या महिनाभर पुरत नाहीत. उधन्याला गाडीत बसण्यापूर्वी गोळ्या मोजाव्यात, परतीच्या दिवसानंतरच्या आठ दिवसांच्या जास्त घ्याव्यात, आणि रुग्णालयाचा कागद व वही पिशवीत वर ठेवावी. म्हणजे त्रास गावी झाला तरी नंदुरबारच्या किंवा अमळनेरच्या डॉक्टरांना सुरतेस काय दिले ते वाचता येईल.