पेन्शन विकून घेतलेला फ्लॅट



काल इथे साताऱ्यात गडांवरच्या पाण्याच्या टाक्यांवर व्याख्यान झालं, उद्या भैरवीवर आहे, आणि मध्ये मी फ्लॅट, भाडं आणि फंड घेऊन उभा आहे. वसंतातल्या संध्याकाळी हे ऐकायला कोण येणार, असं मी व्याख्यानमालेच्या व्यवस्थापकांना विचारलं होतं. ते म्हणाले, "साहेब, खुर्च्या कमी पडतील." खरंच कमी पडल्यात. मागे उभे असलेल्यांची माफी मागतो.

बँकेत माझी एकतीस वर्षं गेली, त्यातली अकरा गृहकर्जाच्या टेबलावर. दर जून-जुलैत एक जोडपं त्या टेबलासमोर येऊन बसायचं. माणसं दरवर्षी वेगळी, पण कापडी पिशवीतली फाईल तीच. गुरुजी नुकतेच निवृत्त झालेले. म्हणायचे, "फंड आला, ग्रॅच्युइटी आली, पेन्शन विकली. पुण्याजवळ वाकडला एक फ्लॅट बघितलाय. भाडं येत राहील, आणि पुढेमागे मुलाला होईल." बाई गप्प असायच्या. अकरा वर्षांत मला एवढं कळलं, की बाई गप्प असल्या तर फ्लॅट गुरुजींनी ठरवलेला असतो.

'पेन्शन विकली' हा शब्द जरा थांबून ऐका. सरकारी कागदावर त्याला अंशराशीकरण म्हणतात. पेन्शनचा चाळीस टक्क्यांपर्यंतचा भाग सोडायचा आणि त्याबदली एकरकमी पैसे घ्यायचे. सोडलेला भाग पंधरा वर्षांनी पुन्हा सुरू होतो. म्हणजे हातात असलेली, कधीही न चुकणारी, दर महिन्याची रक्कम विकायची आणि तिच्यातून दुसरी एक दर महिन्याची रक्कम विकत घ्यायची. ही दुसरी केवढ्याला पडते, ते आपण या फळ्यावर मांडू.

फ्लॅट पन्नास लाखांचा धरू. एक बेडरूमचा, जुना, ताबा लगेच मिळणारा. पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे साडेतीन लाख. फ्लॅट एकट्या बाईंच्या नावावर घेतला तर एक टक्का कमी. अर्धा लाख वाचतो, आणि बाई बोलायलाही लागतात. नोंदणी ३० हजार, एजंट ५० हजार, सोसायटीचं हस्तांतर शुल्क २५ हजार. मग रंग, पंखे, गिझर, खिडक्यांच्या जाळ्या, किचन ट्रॉली मिळून दीड लाखाला पाच हजार कमी. झाले छप्पन लाख.

आता आवक. भाडं १६ हजार धरा. बारा महिने धरू नका, अकराच धरा. एक भाडेकरू जातो आणि दुसरा येतो त्यात महिना जातोच. १ लाख ७६ हजार. त्यातून मेंटेनन्स ३० हजार, घरपट्टी ९ हजार, आणि गळती, रंग, एजंट, करारनामा मिळून १७ हजार. उरले १ लाख २० हजार, महिन्याला दहा हजार. छप्पन लाखांवर हे शेकडा सव्वादोनही पडत नाही.

आता पोवई नाक्यावरून सरळ पोस्टात चला. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका माणसाला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. सध्याचा दर ८.२ टक्के, व्याज दर तिमाहीला. ३० लाखांवर तिमाहीचे ६१,५०० रुपये होतात, महिन्याचे साडेवीस हजार. तिकडे छप्पन लाख देऊन दहा हजार, इकडे तीस लाखांत साडेवीस. आणि पोस्टाची टाकी रविवारी रात्री अकरा वाजता वाहत नाही.

फ्लॅटच्या बाजूनेही बोललं पाहिजे, नाहीतर मी पोस्टाचा एजंट ठरेन. भाडं वाढतं; पोस्टाचं व्याज ज्या दराने पैसे ठेवले त्याच दराने पाच वर्षं येतं. व्याज करपात्र, तर भाड्यातून आधी घरपट्टी आणि मग उरलेल्याच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते. आणि किंमत वाढते. वाढते, पण घड्याळ लावून नाही. पुण्यात २०१४ नंतरची पाच-सहा वर्षं किमती जवळपास जागच्या जागी होत्या. त्या काळात ज्याला बायपासचं ऑपरेशन करावं लागलं, त्याला फ्लॅटचं फक्त स्वयंपाकघर विकून पैसे उभे करता आले नाहीत. मोडायचं तर अख्खं मोडावं लागतं, तेही गिऱ्हाईक मिळेल तेव्हा.

आपल्यात साखर कारखान्यातून निवृत्त झालेलेही बसलेत. त्यांची गोष्ट आणखी नाजूक आहे. त्यांची पेन्शन ईपीएसची, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेची. तिची किमान रक्कम २०१४ पासून महिना एक हजार आहे, आणि बऱ्याच जणांची त्याहून फार वर जात नाही. त्यांच्या म्हातारपणाला टेकू एकच, तो म्हणजे पीएफची रक्कम. ती सगळी विटांत घालू नका, एवढं मी हात जोडून सांगतो.

नोकरीत असतानाच पीएफ काढून फ्लॅट घ्यावा का, असं तरुण विचारतात. घरासाठी पीएफ काढता येतो. घर स्वतःच्या, जोडीदाराच्या किंवा दोघांच्या नावावर हवं. पण नियमामागचा हेतू डोक्यावर छप्पर हा आहे, भाड्याची कमाई हा नाही. एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना, तर याबाबत जास्तच कडक. नोव्हेंबर २००५ पासून सरकारी नोकरीत लागलेल्यांनी लक्षात ठेवा: मधल्या काळात घरासाठी पैसे मिळतात ते पहिल्या घरासाठी, भाड्याच्या दुसऱ्या फ्लॅटसाठी नाहीत. आणि मिळाले म्हणून काढावेत असंही नाही. पीएफवर अलीकडे ८.२५ टक्के व्याज मिळतंय. हाच दर टिकला तर आजचे दहा लाख पंधरा वर्षांत जवळजवळ तेहतीस लाख होतात. ते मोडून सव्वादोन टक्क्यांच्या मागे जायचं का, ते ज्याचं त्याने ठरवावं.

कर्ज काढू, भाड्यात हप्ता निघेल, असंही म्हणतात. आठ टक्क्यांनी वीस वर्षांच्या कर्जाला लाखामागे महिना साधारण ८३६ रुपये हप्ता बसतो. सोळा हजार भाड्यात वीस लाखांच्या कर्जाचाही हप्ता पुरता निघत नाही. छप्पनमधले उरलेले छत्तीस लाख तुमचे. चाळिशीतल्या, पगार चालू असलेल्या माणसाने हे करावं. भाडं पडलं नाही तरी त्याचा हप्ता पगारातून जातो, आणि कर्ज फिटतं तेव्हा तो साठीत असतो. साठीत सुरुवात करणाऱ्याला हा वेळच मिळत नाही. माझं सगळं म्हणणं इथे येऊन थांबतं: भाड्याचं घर चाळिशीत सुरू करायचा धंदा आहे, आणि आपण तो साठीत पेन्शन समजून सुरू करतो.

धंदा म्हटलं की कागद आले. आपल्या आधीच्या पिढीला भाडेकरू म्हटलं की धडकी भरायची, त्याला कारण होतं. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली, आणि पेठांतल्या वाड्यांचे मालक पुढची कित्येक वर्षं महिन्याच्या वीस-तीस रुपयांच्या पावत्या फाडत बसले. घर गेल्यासारखंच. आता महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे, आणि आपण जे करतो ते लिव्ह अँड लायसन्स. मुदत संपली की जागा सोडायची. न सोडल्यास दुप्पट शुल्क भरायचं, आणि दाद मागायला वेगळा सक्षम प्राधिकारी. कायदा मालकाच्या बाजूने बराच सरकला आहे. पण एक अट आहे. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसली तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

हे मला कुठे कळलं? बँकेत नाही. २००६ साली माझा स्वतःचा पुण्यातला फ्लॅट मी शंभराच्या स्टँपवर नोटरी करून दिला. नोंदणीचा एक हजार वाचवला. मी बँकेचा अधिकारी, मला कोण फसवणार! भाडं सहा हजार ठरलं होतं. पाच महिने दमडी आली नाही. शेवटी मी जाऊन उभा राहिलो, तर गृहस्थ शांतपणे म्हणाले, "भाडं साडेचार ठरलं होतं, आणि मी ते रोख दिलंय." माझ्याकडे कागद होता, पण नोंदणी नव्हती. वकील मित्राने फोनवर कलम पंचावन्न वाचून दाखवलं आणि म्हणाला, डिपॉझिट परत कर आणि किल्ली घे. दिले तीस हजार. किल्ली मिळाली, स्वयंपाकघराचा नळ मात्र ते जाताना घेऊन गेले. आजही नागरी भागात नोंदणीची फी एक हजारच आहे, मुद्रांक शुल्क करारातल्या एकूण भाड्याच्या पाव टक्का, आणि आता अंगठा घ्यायला माणूस घरी येतो. तेवढे द्या.

सोसायट्या भाडेकरू ठेवल्याबद्दल मनाला येईल ती रक्कम मागतात. २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे हे बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांच्या वर घेता येत नाही. घर मुलाला किंवा आईवडिलांना राहायला दिलं असेल तर तेही नाही.

आणि मालक मंडळींनो, 'फक्त शाकाहारी, दोघं नोकरीवाले, मूल नको' अशी पाटी लावून घर तीन महिने रिकामं ठेवणारे मी पाहिलेत. वर्षाच्या भाड्यातला चौथा हिस्सा त्या पाटीवर गेला. बिल्डरचं 'बारा टक्के खात्रीचं भाडं' ज्यांनी ऐकलं असेल त्यांनी एवढंच विचारावं, की एवढी खात्री आहे तर हा फ्लॅट तो मला का विकतोय. हिंजवडीच्या भाड्याचा फारच मोह असेल तर तिथल्या काही आयटी पार्कांची मालकी असलेल्या रीट नावाच्या ट्रस्टचे युनिट शेअर बाजारात काही शे रुपयांना मिळतात. वितरित करण्याजोग्या रकमेचा किमान नव्वद टक्के वाटा त्याला वाटावा लागतो. भाव खालीवर होतो, पण नळ तुम्हाला बदलावा लागत नाही.

नळावरून शेवटची गोष्ट. साताऱ्याहून वाकड शंभरावर किलोमीटर. खंबाटकी उतरून स्वारगेट, पुढे दोन बस. खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली की सत्तरीतल्या माणसाने हा प्रवास करायचा, प्लंबर शोधायचा, आणि तो 'उद्या येतो' म्हणाला की मुक्काम करायचा. मुलगा अमेरिकेला गेला आणि फ्लॅट त्याच्या नावावर असला, तर भाडेकरूला पहिल्या रुपयापासून तीस टक्क्यांच्या वर कर कापून भरावा लागतो. असा भाडेकरू शोधून दाखवा.

त्यापेक्षा आपल्या गोडोलीच्या, शाहूपुरीच्या, करंज्याच्या बैठ्या घराकडे बघा. जमीन तुमची आहे, मुद्रांक नाही, एजंट नाही. वर सहाशे चौरस फुटांचा मजला चढवायला बारा-तेरा लाख धरा. भाडं सात हजार जरी मिळालं, तरी खर्च जाऊन पाच-साडेपाच टक्के पडतात. नर्स, शिक्षक, वैद्यकीय महाविद्यालयातली मुलं भाडेकरू म्हणून येतात, आणि नळ गळला तर जिना चढून जाता येतं. पीएफमधूनही घराच्या वाढीव बांधकामाला पैसे मिळतात. नगरपालिकेची परवानगी मात्र आधी घ्या.

आज घरी गेल्यावर गच्चीवर जा आणि बांधताना कॉलमच्या सळया वर सोडल्यात का, ते बॅटरी लावून बघा. सोडल्या असतील तर उद्या इंजिनिअरला बोलवा. नसतील तरी बोलवा, पण वाकडला टोकन द्यायच्या आधी.