कोऱ्या कागदावर अंगठा नाही!
(हिंगोलीच्या युवक शिबिरातलं भाषण)



क्रांतीवर बोलायला सांगितलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या. मला विषय दिलाय कोर्टाचा. कोर्ट म्हटलं की आपल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. तो गोळा काढायचा, एवढंच आजचं काम.

आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. पण आपला इतिहास वेगळा झाला नाही. १९७८ च्या नामांतराच्या आगीत मराठवाड्यातल्या आपल्या वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना ठार मारलं. तेव्हा अ‍ॅट्रॉसिटीचा कायदाच नव्हता. तो आला १९८९ ला. आणि काल-परवाची गोष्ट घ्या. १० डिसेंबर २०२४ ला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची तोडफोड झाली. दुसऱ्या दिवशी बंद, जाळपोळ, धरपकड. त्यात कायदा शिकणारा सोमनाथ सूर्यवंशी हा वडार समाजातला पोरगा उचलला. १५ डिसेंबरला तो न्यायालयीन कोठडीत असताना मेला. त्याच्या आईनं कागद सोडला नाही. ४ जुलै २०२५ ला औरंगाबाद खंडपीठानं पोलिसांवर गुन्हा नोंदवायचा आदेश दिला. सरकार दिल्लीला धावलं. ३० जुलैला सुप्रीम कोर्टानं तो आदेश कायम ठेवला. ज्या माउलीचं लेकरू गेलं, तिला गुन्हा नोंदवायलाच सात महिने झगडावं लागलं! म्हणून म्हणतो, कायदा शिका. कायदा आपोआप चालत नाही, त्याला ढकलावं लागतं.

आता नीट ऐका. गुन्हे दोन जातीचे. दखलपात्र आणि अदखलपात्र. ठाण्यात जमादार ‘एनसी’ लिहून कागद हातात देतो आणि आपण गुन्हा नोंदला म्हणून घरी येतो. एनसी म्हणजे अदखलपात्र. त्यावर कोर्टाच्या हुकमाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. आपल्याला पाहिजे एफआयआर. तो कुठल्याही ठाण्यात देता येतो, हद्द सांगून हाकलता येत नाही. त्याची नक्कल फुकट मिळते. फौजदार घेत नसेल तर एसपीला पोस्टानं लेखी पाठवा, पावती जपा. तिथंही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटपुढं प्रतिज्ञापत्रासह अर्ज करा. १ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आलीय. कलमांचे नंबर बदललेत, वाट तीच आहे.

अ‍ॅट्रॉसिटीत तर तोंडी सांगितलेली फिर्याद लिहून, वाचून दाखवूनच सही घ्यायची, असा कायदा आहे. तपास डीवायएसपीच्या खालच्या अधिकाऱ्यानं करायचा नाही. आरोपीच्या जामिनाच्या वेळी पीडिताचं म्हणणं ऐकायचं. हे कोणाचे उपकार नव्हेत.

पण गावचा डाव वेगळा असतो. आपण फिर्याद दिली की रातोरात उलटी फिर्याद पडते. यांनी दरोडा घातला, यांनी बाईचा हात धरला! मग आपलीच पोरं आत आणि वरून निरोप येतो, ‘तुम्ही मागं घ्या, आम्ही मागं घेतो.’ या तडजोडीत किती केसेस मेल्या! घाबरून फिर्याद मागं घेऊ नका. दोन्ही केसेस लढायच्या असतात. एकीत आपण फिर्यादी, दुसरीत आरोपी.

आरोपी झालो तर? अटकेचं कारण सांगावं लागतं. घरच्यांना कळवावं लागतं. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून. हे संविधानाच्या बाविसाव्या कलमात आहे. चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येतं. पोलिसापुढं दिलेली कबुली पुरावा होत नाही. साक्षीदार म्हणून पोलिसांना दिलेल्या जबाबावर सही करावी लागत नाही. अटकेच्या कागदावर सही असते, ती वाचूनच. कोऱ्या कागदावर सही नाही, अंगठा नाही! मारलं असेल तर मॅजिस्ट्रेट विचारतो तेव्हा मान खाली घालून उभे राहू नका. तिथंच बोला, वळ दाखवा, लिहून घ्यायला सांगा.

मग जामीन. जामीनदार आणा, सातबारा आणा म्हणतात. ज्याच्या बापाच्या नावावर वीतभर रान नाही, त्यानं सातबारा कुठून आणायचा? १९७८ सालीच मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातल्या गवंड्याला दहा हजाराचा जामीन मागितला होता. भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भाऊ जामीनदार चालेना. न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी ते झिडकारलं आणि हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला लावलं. आपल्या वकिलाला सांगा, साहेब, मोतीराम काढा!

आता वकील. अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, बाई, कोठडीतला आरोपी, जातीय अत्याचाराचा पीडित, यांना सरकारी खर्चानं वकील मिळतो. १९८७ चा कायदा आहे. उत्पन्नाची अट यांना नाही. बौद्धांनाही १९९० पासून अनुसूचित जातीचा हक्क आहे. जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात साधा अर्ज द्या, नाहीतर १५१०० ला फोन लावा.

खाजगी वकील लावायचा तर काळ्या कोटाकडं बघून भुलू नका. सेशनच्या केसेस चालवतो का, विचारा. गावच्या ज्या माणसाशी आपलं भांडण, तो याचा जुना पक्षकार तर नाही ना, बघा. फी आधी ठरवा, पावती मागा. वकीलपत्र वाचून सही करा. अ‍ॅट्रॉसिटीच्या मदतीच्या रकमेत हिस्सा मागतो, त्याला हात जोडा आणि बाहेर पडा. निकालावर हिस्सा ठरवायला वकिलाला बंदी आहे. फी थकली म्हणून कागद अडवता येत नाहीत, हे सुप्रीम कोर्टानं २००० साली सांगितलंय. वकील बदलताही येतो.

शेवटचं. आपली माणसं केस हरतात ती बरेचदा तारखेला. ऊसतोडीला, वीटभट्टीला गेलेला माणूस तारीख विसरतो, वॉरंट निघतं. जाण्याआधी वकिलाकडून हजेरी माफीचा अर्ज द्या. साक्षीदार फुटतो, कारण चार वर्षं त्याला कोणी विचारत नाही. म्हणून माझी मागणी आहे. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा, सेनगाव, पाचही तालुक्यांत प्रत्येक वस्तीनं एक वही घालावी. केस नंबर, कोर्ट, पुढची तारीख, वकिलाचं नाव, साक्षीदार कुठं आहे. दोन शिकलेली पोरं तारखेला सोबत गेली पाहिजेत.

घोषणा देणारे हजार मिळतात. तारखेला हजर राहणारे दहा द्या. जय भीम!