सुईची भीती



पाड्यावरची एक बाई मला म्हणाली, "ताई, सुई टोचली की गाठ पसरते ना?" या भीतीत तिचे चार महिने गेले. तसे होत नाही. छातीतल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण संशय असला तर खात्री बायोप्सीनेच होते.

बायोप्सीला निघालेल्या बाईला आधीच सांगा: जागा बधिर करून सुईने शेवयांसारखे बारीक तुकडे घेतात. टक् आवाज होतो, दचकू नये. पावडर लावू नये. रक्त पातळ करणारी गोळी असल्यास डॉक्टरांना सांगावे, मनाने बंद करू नये. नंतर थोडे काळेनिळे पडते. दोनएक दिवस हंडा, मोळी उचलायची नाही (हे नवऱ्यालाच सांगावे लागते!).

रिपोर्टला काही दिवस लागतात. तो आणायला कोणीतरी सोबत जा.