लॉट घ्यायचा, पण कुठला?

नाण्यांच्या प्रदर्शनात एका टेबलावर ताटलीत पन्नासेक काळपट नाणी ओतलेली असतात आणि शेजारी पाटी असते : ‘प्राचीन नाणी, मिश्र लॉट’. सुटं नाणं घ्यायचं म्हटलं तर खिशाला जड जातं, आणि इथं हजार-दीड हजारात ओंजळभर मिळतात. नवख्या संग्राहकाचा जीव तिथं अडकतो. घ्यावा की नको? हे मला विचारण्याआधी विकणाऱ्याला एवढंच विचारा : ही नाणी कुठली? कुठल्या राजाची ते नंतर पाहू. कुठून आली, कुणाच्या संग्रहात होती, ते आधी.

आपण आंब्याची पेटी घेताना किती चोखंदळ असतो! वरच्या थराला भुलत नाही. गवतात हात घालून खालची फळं चाचपतो, देठाशी वास घेतो, आणि पेटीवर ‘देवगड’ छापलेलं असलं तरी बाग कुठली म्हणून दोनदा विचारतो. तीच माणसं नाण्यांच्या टेबलाशी आली की वरचं एक ठसठशीत हत्तीचं नाणं बघतात आणि पाकीट काढतात. अहो, ते नाणं वर ठेवलेलंच असतं! तळात बघा. तळात बहुधा झिजलेल्या शिवराया निघतात. शिवराई इतिहासाची वस्तू आहे, तिच्याबद्दल मला प्रेम आहे; पण ती एकोणिसाव्या शतकातही आपल्या बाजारांत चालत होती. तिला ‘प्राचीन’ म्हणणं म्हणजे रायवळ हापूसच्या भावानं विकणं.

आता हा ‘कुठली’चा हट्ट कशासाठी, ते सांगतो. १९३९ साली तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात, मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळा गावी सातवाहनांच्या पोटीन या मिश्रधातूच्या नाण्यांचा साठा मिळाला. दीड हजारांहून जास्त नाणी. संशोधक वा. वि. मिराशींनी ती अभ्यासली. या नाण्यांच्या एका बाजूला सोंड उचललेला हत्ती आणि त्याच्या वरून कडेकडेनं ब्राह्मी अक्षरं, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, म्हणजे अधिकच्या खुणेच्या चार टोकांना चार वर्तुळं. गंमत अशी की ठसा मोठा आणि चकती लहान. त्यामुळे एका नाण्यावर ‘सातकणिस’ एवढंच उतरतं आणि त्याआधीचं राजाचं नाव कडेबाहेर जातं. दुसऱ्या नाण्यावर नाव उमटतं, शेपूट कापलं जातं. पाच-सात नाणी शेजारी शेजारी ठेवली की एक लेख पुरा होतो. अशा नाण्यांवरून कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी ही पुराणांच्या यादीत नसलेली नावं आपल्याला मिळाली.

तोच साठा सापडल्या दिवशी पन्नास-पन्नासच्या ताटल्यांत वाटला गेला असता, तर? जोगळटेंभीचंही तसंच. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात तिथं क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी निघाली, आणि त्यांतल्या दोन-तृतीयांशांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला. असं एखादं नाणं तुमच्या हातात आलं तर ते सुंदर दिसेल, बस्स. ‘दोन-तृतीयांश’ हे त्या एका नाण्याला कुठून माहीत असणार? ते साठ्यालाच माहीत. म्हणून पुन्हा म्हणतो, कंटाळू नका : बाग विचारा.

या प्रश्नाला दोन तऱ्हेची उत्तरं धोक्याची. ‘मिक्स आहे साहेब, कुठकुठून आलंय’ हे एक. दुसरं अधिक गोड असतं : ‘परवाच नांगरताना निघालीत, ताजा माल.’ तिथून सरळ उठा. दहा रुपयांहून अधिक किमतीचं जमिनीतलं धन सापडलं तर कलेक्टरला कळवायचं, हा १८७८चा कायदा आहे. आणि १९७२च्या कायद्यानं पुरावस्तूंच्या धंद्याला परवाना लागतो, त्या खासगी माणसाला देशाबाहेरही नेता येत नाहीत. तेव्हा अमेरिकेतल्या भाच्याला अहेर म्हणून सातवाहन नाणं पाठवायचा बेत असेल तर तो आजच सोडा.

नकली मालाबद्दल थोडकं सांगतो. कार्बाइडनं पिकवलेली पेटी ओळखायची खूण काय? सगळी फळं एकसारखी पिवळी. नाण्यांवरही सगळीकडे सारखाच हिरवा रंग दिसला, नखानं खरवडल्यावर निघाला, तर तो चढवलेला. आहत नाण्यांत, म्हणजे त्या चांदीच्या वेड्यावाकड्या तुकड्यांत, दोन नाणी हुबेहूब जुळी दिसली तर एक तरी साच्यातून ओतलेलं आहे, कदाचित दोन्हीही. कारण त्यांच्यावरची प्रत्येक खूण वेगळ्या ठशानं, हातानं मारलेली असते. ती दोनदा तंतोतंत त्याच जागी पडायची नाही. कडेवर जोडाची रेघ, पृष्ठावर सुईच्या टोकाएवढे बुडबुडे, हेही बघा. वजनाचंही एक आहे, आहत नाणं, म्हणजे कार्षापण, साधारण साडेतीन ग्रॅमच्या आत-बाहेर... पण स्टुडिओतला समोरचा लाल दिवा मला खुणावतोय, वजनाचं पुन्हा कधीतरी.

एक मात्र सांगितल्याशिवाय उठणार नाही. लॉट घरी आणून चिंच-लिंबानं घासू नका! आम्लानं अक्षरं जातात, आणि अक्षरं गेली की उरते धातूची चकती. पोटीन किंवा तांब्यावर फिकट हिरवी भुकटी दिसली तर ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं, कोरड्या जागी ठेवा. ती कीड दमटपणात वाढते. शिशाची नाणी लाकडी खणात ठेवू नका, पांढरी पडून भुसभुशीत होतात.

मग घ्यायचा की नाही? एकाच जुन्या संग्रहातला, एकाच भागातला लॉट असेल तर झिजका असला तरी जरूर घ्या. अक्षरं जुळवायला शिकण्यासाठी त्याहून स्वस्त शाळा नाही. विकणारा पावतीवर मूळ ठिकाण आणि आधीच्या मालकाकडून आल्याचं लिहून देत असेल तर दोन पैसे जास्त द्या. लिहून द्यायला कां-कूं करत असेल तर ताटली तिथंच राहू द्या, मग वरचा हत्ती कितीही देखणा असो. आणि घरी आल्यावर नाणी राजांप्रमाणे लावायची घाई करण्याआधी प्रत्येक पाकिटावर ते ठिकाण लिहा. पेन्सिलीनं लिहा, शाई पसरते.