कायद्याच्या शाळांचें मोल

परीक्षांचे निकाल लागूं लागले कीं सुशिक्षित घरांतून एक प्रश्न हटकून ऐकूं येतो : मुलीला किंवा मुलाला कायदा शिकावयाचा आहे, जगांत उत्तम विद्यालय कोणतें? लगेच कोणी तरी क्रमवारीचा तक्ता पुढें करतो. मी जन्मभर शाळामास्तर होतों. वर्गांत पहिला मुलगा कोणता, हें सांगणें सोपें; पहिली शाळा कोणती, हें सांगणें तितकें सोपें नाहीं. म्हणून क्रम बाजूस ठेवून, कोणती शाळा कसें शिकविते, तेवढें आज पाहूं.

इटालींतील बोलोन्या विद्यापीठाच्या स्थापनेचें वर्ष परंपरेनें १०८८ मानतात. तेथें इर्नेरियस नांवाच्या पंडितानें जस्टिनियन बादशहाच्या कायदेग्रंथांवर टिपा लिहिल्या. आपल्याकडे शास्त्री सूत्रावर भाष्य सांगत, त्याच जातीची ही रीत. ग्रंथ हाच गुरु.

लंडनचा मार्ग निराळा. लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल आणि ग्रेज इन या चार संस्थांनीं बॅरिस्टर घडविले. तेथें ठरलेल्या दिवशीं सर्वांबरोबर भोजनास बसणें हाहि शिक्षणाचा भाग; वडीलधाऱ्यांच्या पंक्तीस बसून धंद्याची रीत अंगीं बाणावी, हा हेतु. गांधीजी १८९१ सालीं इनर टेंपलमधून आणि डॉ. आंबेडकर १९२२ सालीं ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले.

अमेरिकेंतील हार्वर्डचें कायदा-विद्यालय १८१७ चें. १८७० सालीं लँगडेल तेथें डीन झाले आणि त्यांनीं अध्यापनाची पद्धतच पालटली. विद्यार्थ्यानें न्यायालयांचे खरे निवाडे आधीं वाचून यावे आणि अध्यापकानें प्रश्नामागून प्रश्न विचारून त्यांतील तत्त्व त्याच्याच तोंडून वदवावें. ही पद्धत पुढें अमेरिकेभर पसरली. जर्मनींत विद्यापीठाच्या नांवाहून सरकारी परीक्षेला मान अधिक. तेथें दोन परीक्षा, आणि त्यांच्यामध्यें दोन वर्षें न्यायालयें, कचेऱ्या यांतून प्रत्यक्ष उमेदवारी. न्यायाधीश व्हावयाचें असो वा वकील, वाट एकच.

आतां यांत पहिलें कोण? ग्रंथनिष्ठा, सहवास, प्रश्नोत्तर आणि उमेदवारी यांना एकाच तागडींत कसें तोलावें? नोव्हेंबर २०२२ मध्यें येल व हार्वर्ड या दोन्ही कायदा-विद्यालयांनीं अमेरिकेंतील एका प्रसिद्ध क्रमवारीशीं सहकार्य करण्याचें नाकारलें. येल तर त्या तक्त्यांत वर्षानुवर्षें शिरोभागीं होतें. लोकसेवेची वाट धरणारे विद्यार्थी आणि गरजूंना दिलेलें साहाय्य यांचें मोल त्या तक्त्यांत होत नाहीं, अशी तक्रार होती. शिरोभागीं बसलेल्यानेंच तराजूंत खोट दाखवावी, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

तक्त्यांत न येणारें आणखीहि कांहीं असतें. नाशिक येथें १८६६ सालीं जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनीं १८९२ सालीं ऑक्सफर्डची बी. सी. एल. परीक्षा दिली, परंतु तें विद्यापीठ स्त्रियांना १९२० पर्यंत पदवीच देत नव्हतें. हार्वर्डच्या कायदा-विद्यालयाचें दार स्त्रियांना १९५० सालीं उघडलें. म्हणजे जेथें न्याय शिकवीत, तेथेंच उंबरठ्याबाहेर अन्याय उभा होता. शाळेचें मोल करतांना आंत कोण बसलें आहे याबरोबर बाहेर कोण राहिलें, हेंहि पाहिलें पाहिजे.

आपल्या देशांतहि वाटा आहेत. मुंबईचें सरकारी लॉ कॉलेज १८५५ चें; १९३५ सालीं डॉ. आंबेडकर त्याचे प्राचार्य झाले. बंगळूरच्या राष्ट्रीय विधिविद्यालयानें १९८८ पासून बारावीनंतरचा पांच वर्षांचा अभ्यासक्रम चालविला आणि त्या नमुन्यावर पुढें अनेक विद्यापीठें निघालीं. भारतीय विद्यार्थी परदेशची पदवी घेऊन आला, तरी येथें सनद घेण्यापूर्वी त्याला बार कौन्सिलची पात्रता-परीक्षा द्यावी लागते, हेंहि पालकांनीं विसरूं नये.

तेव्हां तक्ता उघडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. वकिली कोणत्या देशांत करावयाची? तेथें विद्यार्थ्याला विचार करावयास लावतात, कीं टिपणें घोकावयास? आणि ज्याच्या खिशांत फीचे पैसे नाहींत अशा पक्षकाराचें गाऱ्हाणें ऐकण्याची संधि त्याला शिकतांनाच मिळते काय? कायदा हा ग्रंथांत राहतो खरा, पण त्याची गरज लागते ती अशा माणसाला. त्याच्यापर्यंत आपला विद्यार्थी जी शाळा पोंचविते, ती तक्त्यांत कोठेंहि असो, चांगली समजावी.